मण्यांची पट्टी : नववी-दहावीच्या प्रकल्पाच्या नोंदी

२१ जून

विज्ञान मंडळाचा यंदाचा प्रकल्प ठरला: फेकलेली वस्तू कशी जाते. आमचं हायस्कूल कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, मराठी माध्यमाचं. आपल्याकडे नववीला गतीची समीकरणं असतात आणि दहावीला त्रिकोणमिती. म्हणजे प्रक्षेप्य गतीला, अर्थात फेकलेल्या वस्तूच्या गतीला, लागणारं सगळं सामान मुलांजवळ आलेलं असतं, पण तो धडा येतो पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. तोवर मुलं पांगतात. कोणी बेळगावात इंग्रजीतून सायन्स घेतं, कोणी चंदगड-कोल्हापूरकडे अकरावीला जातं. तिथं पल्ल्याचं सूत्र थेट फळ्यावर येतं आणि मुलं ते पाठ करतात. सूत्राच्या आधी ती गती डोळ्यांनी पाहिलेली असावी, यासाठी हा खटाटोप.

सुरुवातीला काहीच शिकवलं नाही. एकेक कोरा कागद दिला आणि गोफणीतून सुटलेल्या दगडाची वाट काढायला सांगितली. बहुतेकांनी एकच चित्र काढलं: दगड तिरका सरळ रेषेत वर जातो, एका ठिकाणी वळतो आणि खाली येतो. का वळतो म्हणून विचारलं तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "जोर संपला की पडतंय की ओ टीचर."

सोळाव्या शतकात युरोपात छापलेल्या तोफविद्येच्या पुस्तकांत तोफगोळ्याची वाट अशीच दाखवलेली आहे: आधी सरळ, मग थोडा वळसा, मग सरळ खाली. तिथल्या विद्वानांनाही वाटत होतं की फेकणाऱ्याने दिलेला जोर वस्तूच्या अंगात राहतो आणि वाटेत संपत जातो. मुलांची समजूत जुनी आहे आणि पक्की आहे. ती 'चूक' म्हणून खोडून जाणार नाही. तिला हलवेल असं काहीतरी समोर ठेवावं लागेल.

२८ जून

नाण्यांचा प्रयोग. साहित्य म्हणजे दोन सारखी नाणी आणि एक लाकडी फूटपट्टी. पट्टी टेबलाच्या कडेला तिरकी ठेवायची, एक टोक बाहेर काढायचं. बाहेरच्या टोकावर एक नाणं. दुसरं नाणं टेबलाच्या कडेशी, पट्टीला खेटून. मधोमध बोट दाबून पट्टीला टिचकी मारली की पट्टीवरचं नाणं तिथल्या तिथे खाली पडतं आणि कडेचं नाणं आडवं उडतं.

डोळ्यांनी बघू नका, कान द्या, असं सांगितलं. खाली शहाबादी फरशी असल्यामुळे आवाज खणखणीत आला, आणि तो एकच आला. टिचकी जोरात मारली, नाणं पार दारापर्यंत गेलं, तरी आवाज एकच.

"लांब गेलेलं उशिरा पडायला पाहिजे होतं की ओ," असं एक मुलगी म्हणाली आणि तिने प्रयोग स्वतःच्या हाताने पुन्हा करून घेतला. तिला अर्धा तास लागला तरी चालेल असं माझं मत होतं. हा एक प्रयोग नीट पचला तर पुढचं निम्मं काम होतं.

फळ्यावर हिशेब एवढाच केला: उंची = ½ × ९.८ × काळ × काळ. टेबलाची उंची ७८ सेंटिमीटर, म्हणून काळ ०.४ सेकंद. या समीकरणात आडव्या वेगाला जागाच नाही.

५ जुलै

दिवसभर पाऊस, मैदानात तळं. वर्गातच काम.

वायरमनकडे मिळते ती वायर झाकायची केसिंग-पट्टी वाकवून घसरण केली. तिचं खालचं टोक टेबलाच्या कडेशी अगदी सपाट ठेवलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून बेअरिंगचे छर्रे आणले होते. खाली कागद, त्यावर कार्बन पेपर. छर्रा जिथे आपटतो तिथे ठिपका उमटतो. टेबलाच्या कडेची बरोबर खालची जागा ओळंबा सोडून खुणावली, कारण अंतर तिथूनच मोजायचं.

५ सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला छर्रा साधारण ३२ सेंटिमीटरवर पडला, २० सेंटिमीटरवरून सोडलेला ६४ च्या आसपास. सोडण्याची उंची चौपट केली की अंतर दुप्पट होतं. काळ तर ०.४ सेकंदच आहे, म्हणून ६४ सेंटिमीटर ÷ ०.४ म्हणजे कडेवरून सुटताना वेग १.६ मीटर प्रति सेकंद. घड्याळ नसताना वेग मोजता आला, याचा मुलांना मोठा आनंद झाला.

दहावीतल्या एकाने ऊर्जेचा हिशेब करून विचारलं की २० सेंटिमीटर उतरल्यावर वेग जवळजवळ २ मीटर प्रति सेकंद यायला हवा, मग १.६ च का? उत्तम प्रश्न. छर्रा नुसता सरकत नाही, गडगडत येतो. उतरताना मिळालेल्या ऊर्जेचा २/७ भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो आणि पुढे जायला ५/७ उरतो. त्या हिशेबाने वेग १.६७ येतो आणि अंतर ६७ सेंटिमीटर. राहिलेला थोडा फरक पट्टीच्या घर्षणाचा.

गॅलिलिओने १६०८ च्या सुमारास हेच केलं होतं. उतारावरून गोळी सोडायची, टेबलावरून आडवी उडवायची आणि ती कुठे पडते ते मोजायचं. त्याच्या हस्ताक्षरातला आकड्यांचा कागद अजून जपलेला आहे. त्यावरचे सिद्धांत १६३८ मध्ये लायडनला छापून आले तेव्हा तो नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. मुलांनी स्वतःच्या ठिपक्यांच्या कागदावर तारीख घालून तो फाइलला लावला.

१२ जुलै

घसरण वरच्या गॅलरीत नेली. कठड्यापासून खालच्या फरशीपर्यंत ३ मीटर १४ सेंटिमीटर, म्हणजे टेबलाच्या चौपट. छर्रा दुप्पट लांब पडला, कारण काळ दुप्पट, ०.८ सेकंद. खाली मुलं भिंतीशी उभी केली होती. छर्रा लोखंडी आहे, डोक्याची काळजी घ्यावी.

१९ जुलै

आजची नोंद सविस्तर लिहिते, कारण सगळ्या प्रकल्पात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं आणि कुठल्याही शाळेत ते शंभरेक रुपयांत होऊ शकतं.

एक मीटर लांबीची हलकी लाकडी पट्टी घेतली. एका टोकापासून २०, ४०, ६० आणि ८० सेंटिमीटरवर बारीक भोकं पाडली. त्यांतून दोरे सोडले आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बांगड्यांच्या दुकानातला लाल मणी बांधला. पट्टीपासून मण्यापर्यंत दोऱ्यांची लांबी अनुक्रमे ४.९, १९.६, ४४.१ आणि ७८.४ सेंटिमीटर. स्थिर अवस्थेतून सोडलेली वस्तू ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४ सेकंदांत जेवढी पडते तेवढे हे आकडे. पहिल्याच्या चौपट दुसरा, नऊपट तिसरा, सोळापट चौथा. दोन मण्यांच्या पातळ्यांमधलं अंतर काढलं तर १, ३, ५, ७ असे विषम आकडे येतात. हे एका मुलीने आपणहून शोधलं आणि मग सगळ्यांनी वजाबाक्या करून खात्री केली. आपल्या भागात ९.८ ऐवजी ९.७८ घ्यावं असं काटेकोरपणे म्हणता येईल, पण त्याने सर्वांत लांब दोऱ्यातही दीड-दोन मिलिमीटरचाच फरक पडतो. दोऱ्याची गाठ त्याहून मोठी असते.

आता पाण्याची धार. धार दर ०.१ सेकंदाला २० सेंटिमीटर पुढे जायला हवी, म्हणजे वेग २ मीटर प्रति सेकंद. बादलीतली पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर वर असली की हिशेबाने तेवढा वेग मिळतो. नळीत थोडी ताकद वाया जाते, म्हणून प्रत्यक्षात बादली २५ च्या आसपास उचलावी लागली. गवंडी वापरतात ती लेव्हलची नळी घ्यावी. सलाईनची नळी फार बारीक पडते आणि धार रेंगाळते. तोंडाला जुन्या पेनाचं टोक बसवलं. पाण्यात चिमूटभर नीळ टाकली, त्यामुळे पांढऱ्या भिंतीपुढे धार ठळक दिसली. एकाने मगाने पाणी ओतत पातळी कायम ठेवायची. नळीचं तोंड पट्टीच्या शून्य टोकाशी, पट्टीच्याच दिशेने. टेबलावर स्टूल चढवून सगळं त्यावर मांडलं, नाहीतर चौथा मणी जमिनीला टेकतो. खाली घमेलं.

पट्टी आडवी धरली, नळीला लावलेला चिमटा सोडला. बादली बोटभर वर-खाली केल्यावर धार पहिल्या मण्याला लागली आणि त्याच क्षणी दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्यालाही. चारही मणी धारेत थरथरत होते. वर्गात कोणी बोलेना, मग सगळे एकदम बोलू लागले.

पाण्याचा प्रत्येक थेंब हा स्वतंत्र फेकलेला दगडच आहे, फक्त एकामागोमाग इतके सुटतात की सगळी वाट एकदम दिसते. ही वाट म्हणजे अन्वस्त, म्हणजेच पॅराबोला. मुलांना आपापली २१ जूनची चित्रं परत दिली. धारेत सरळ तुकडा कुठे आहे ते शोधा म्हटलं. नळीच्या तोंडापासूनच ती वाकते. कोणाला सरळ तुकडा सापडला नाही.

२६ जुलै

पट्टी तिरकी केली, ३० अंश वर. नळीचं तोंड होतं त्याच उंचीला ठेवलं, नाहीतर वेग बदलतो. प्रयोगाआधी अंदाज घेतले. धार मण्यांना सोडून जाईल असं जवळजवळ सगळ्यांचं मत पडलं, कारण "आता पाणी वर चाललंय".

धार वर गेली, वळली आणि चारही मण्यांना लागली.

पट्टी हळूहळू ४५ अंशांवर नेली, मग क्षितिजाच्या खाली झुकवली. दोरे उभेच लोंबतात, मणी आपोआप नव्या जागी येतात आणि धार तिथूनच जाते. पट्टी म्हणजे पाण्याची अशी वाट, जी पृथ्वीने ओढलं नसतं तर त्याने धरली असती. दोरा म्हणजे तेवढ्या वेळात ते त्या वाटेच्या किती खाली पडलं. वर जातानासुद्धा ते पडतच असतं: आपल्या सरळ वाटेच्या खाली, पहिल्या ०.१ सेकंदात ४.९ सेंटिमीटर, मग कोन कोणताही असो. जोर संपण्याची वाट बघत कोणीही थांबलेलं नाही. सुटल्या क्षणापासून पडणं चालू.

"मग वरच्या टोकाला वेग शून्य होत नाही?" असा प्रश्न आला. उभा वेग शून्य होतो, आडवा होता तेवढाच राहतो. धारेचं वरचं टोक दाखवलं. तिथेही पाणी पुढे सरकतंच आहे, नाहीतर त्याच जागी गोळा होऊन बसलं असतं. आणि तिथेही खाली खेचणारं त्वरण ९.८ च असतं. परीक्षेत 'सर्वोच्च बिंदूवर त्वरण शून्य' असं हमखास लिहिलं जातं, म्हणून हे वहीत चौकट करून लिहायला लावलं.

१० ऑगस्ट

गोकाकच्या धबधब्यावर गेलो. घटप्रभा भरून वाहत होती, पाणी तांबूस. कडा सुमारे ५२ मीटरचा. मुलांनी बसमध्येच हिशेब करून ठेवला होता: ५२ मीटर पडायला ३.३ सेकंद. कड्यावर पाण्याचा वेग ३ मीटर प्रति सेकंद धरला तर ते पायथ्यापासून जवळपास १० मीटर पुढे पडायला हवं.

फेसाचा एखादा ठळक पुंजका नजरेने धरून मोबाइलच्या घड्याळावर वेळ घेतली. प्रत्येक वेळी ३.३ पेक्षा जास्तच भरली. कारण समोरच होतं: पाणी वाटेत फुटतं, त्याचे तुषार होतात आणि हवा त्यांना अडवते. लोखंडी छर्रा ७८ सेंटिमीटर पडताना हवेची दखल घ्यावी लागत नाही. ५२ मीटरवरून तुषार पडताना घ्यावीच लागते. पुस्तकात 'हवेचा रोध नगण्य मानून' हे चार शब्द असतात, ते का असतात ते इथे कळलं. बॅडमिंटनचं फूल मारल्यावर जवळजवळ सरळ खाली का येतं, हे परतताना एकाने स्वतःच जोडलं.

२३ ऑगस्ट

एका मुलाच्या आजोबांनी गोफण पाठवली. सुगीत पाखरं हाकायला ते ती अजून वापरतात. मोकळ्या माळावर, सगळ्यांना बरंच मागे उभं करून, आजोबांच्या सांगण्याप्रमाणे बाजूने उभी फिरवली. दगड दोरीशी काटकोनात सुटतो. गोफण डोक्याच्या बरोबर वर असताना सोडली तर दगड आडवा जातो, पुढे आल्यावर सोडली तर जमिनीत. लांब टाकायचा तर दगड डोक्याच्या मागे असतानाच दोरी सोडावी लागते. आजोबा म्हणतात तसं, "हात मागं असतानाच मन पुढं पाहिजे." सुटल्यावर दगड गोल फिरत राहील असं काहींना वाटत होतं, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये तो तसा फिरत नाही हे दिसलं.

९ सप्टेंबर

गणपतीनंतर शाळा पुन्हा भरली आणि तालुका क्रीडास्पर्धा तोंडावर. पीटी सरांनी गोळाफेकीची मुलं माझ्याकडे पाठवली. "टीचर, ४५ अंशात टाका म्हणून सांगतोय, बरोबर आहे न्हवं?"

४५ अंशांचा नियम सपाट जमिनीचा आहे: जिथून फेकलं त्याच उंचीला पडलं तरच. टार्टाग्लिया नावाच्या इटालियन गणितज्ञाने १५३७ मध्ये तोफांसाठी तो मांडला होता. गोळा मात्र खांद्यावरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. उंचीमुळे थोडा जादा काळ आयताच मिळतो, म्हणून आडव्या वेगाला अधिक वाटा देणं फायद्याचं ठरतं.

आमच्या मुलांचे आकडे घेतले. सुटण्याची उंची १.६ मीटर, वेग ७ मीटर प्रति सेकंद. ४५ अंशांत पल्ला ६.२८ मीटर, ३८ अंशांत ६.४० मीटर. म्हणजे फायदा १२ सेंटिमीटरचा, वीतभरही नाही. वेग ७ चा ७.७ केला, म्हणजे दहा टक्के वाढवला, तर पल्ला साडेसात मीटरला टेकतो, मीटरभराची भर. शिवाय जड गोळा जितका उभा ढकलावा तितका शरीराला वेग कमी देता येतो, म्हणून कोन वाढवण्यात दुहेरी तोटा. मोठ्या स्पर्धांतल्या गोळाफेकपटूंचा कोनही बहुधा ४० च्या खालीच असतो.

सरांना सांगितलं: कोनाचा घोष कमी करा, पायांची ताकद आणि शेवटचा झटका यांवर वेळ घाला. सर लगेच कामाला लागले.

उदाहरण जवळचंच दिलं. सांगली जिल्ह्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ ४६ गटात (हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या) १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक मिळवलं. सुटण्याची उंची २ मीटर आणि कोन ३७ अंश धरला तर वेग जवळपास १२ मीटर प्रति सेकंद लागतो. आपल्या ७ च्या शेजारी तो १२ लिहिला. मुलं बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली.

१३ सप्टेंबर

दहावीसाठी सूत्र. वेगाचे दोन भाग: आडवा = वेग × कोसाइन, उभा = वेग × साइन. हवेतला काळ = २ × उभा वेग ÷ ९.८. पल्ला = आडवा वेग × काळ. मुलांनी स्वतः जुळवणी केली, मी खडू हातात घेतला नाही. ३० आणि ६० अंशांना पल्ला सारखाच येतो हे कागदावर निघालं तेव्हा अंगणात नळी लावून पाहिलं. कोनमापकाला ओळंबा बांधून कोन घेतले, नळीचं तोंड जमिनीशी ठेवलं. दोन्ही धारा एकाच फरशीवर पडल्या, एक बसकी, एक उंच. उंच धार हवेत पावणेदोन पट वेळ राहते, पण तिचा आडवा वेग तेवढाच कमी असतो.

२० सप्टेंबर

नववीच्या एका गटाने विचारलं, हीच पट्टी चंद्रावर नेली तर? तिथे त्वरण १.६२. पट्टी तीच, भोकं तीच, दोरे मात्र ०.८, ३.२, ७.३ आणि १३ सेंटिमीटरचे. त्यांनी ती दुसरी पट्टी करून पहिलीच्या शेजारी भिंतीवर टांगली. चंद्राचे मणी जवळजवळ पट्टीलाच चिकटून आहेत. अपोलो १४ च्या अॅलन शेपर्डने १९७१ मध्ये चंद्रावर गोल्फचे चेंडू मारले होते, ते का लांब गेले असतील याचं उत्तर त्या छोट्या दोऱ्यांत आहे, आणि हवा नसण्यातही.

आठवीच्या मुलांनी आता गुरूची पट्टी मागितली आहे. त्याच्या ढगांच्या माथ्यावर त्वरण २४.८. हिशेब करून दोरे कापायला घेतले: पहिला १२.४ सेंटिमीटर, दुसरा ४९.६, तिसरा एक मीटर १२, चौथा जवळपास दोन मीटर. ती खाली वर्गात मावणार नाही, गॅलरीच्या कठड्यावरून सोडावी लागेल. सोमवारी मधल्या सुट्टीत बांधायचं ठरलं आहे.